माशाचा तुकडा कुणाच्या ताटात पडतो?

(सामुदायिक रेडिओवरील 'आपलं ताट, आपलं आरोग्य' या मालिकेतील भाषण)

दुपारची भांडी आवरून, पदराला हात पुसत रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या जणींना नमस्कार. बचत गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्यांनाही नमस्कार. आज आपण माशांबद्दल बोलणार आहोत, आणि माशांच्या जोडीने आपल्या रोजच्या खाण्यातल्या काही अशा गोष्टींबद्दल, ज्या आपण वर्षानुवर्षं खातो पण त्यांच्या पोटात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. ज्या घरात मासे शिजत नाहीत, त्या घरच्या बायांनी रेडिओ बंद करू नये. त्यांच्याही कामाचं पुष्कळ आहे.

सुरुवातीला एक आकडा सांगते. 2019 ते 2021 या काळात देशभर पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्यात 15 ते 49 वयाच्या बायकांचं रक्त तपासलं. दर 100 बायकांमागे 57 जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा 54 च्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या गटात 20 जणी असतील, तर त्यांतल्या दहा-अकरा जणींना रक्त कमी असण्याचा संभव आहे. पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना धाप लागते, खुरपताना डोळ्यांपुढे अंधारी येते, संध्याकाळी हातपाय गळून जातात. आपण म्हणतो, "काम फार झालं." काम तर असतंच. पण पुष्कळदा अंगात लोह कमी असतं.

आता हे लोह येणार कुठून? तर ताटातून. म्हणून आधी आपल्या ताटाकडे बघू या.

घरात मासे आले की कोण काय खातं, हे जरा आठवा. मधले जाड तुकडे घरातल्या बाप्यांना. मग मुलांना. मग सासू-सासऱ्यांना. आणि सगळ्यांची पानं उठल्यावर जी शेवटी बसते, तिच्या वाट्याला शेपटी, नाहीतर पातेल्याच्या तळाचा रस्सा. आणि वर आपणच म्हणतो, "सगळी ताकद रश्शात उतरलेली असते गं!" बायांनो, हे खरं नाही. रश्शाला चव असते, मसाला असतो, थोडे क्षार आणि थोडी चरबी उतरलेली असते. पण माशातली प्रथिनं, म्हणजे अंग भरून काढणारा जो भाग, तो बहुतेक सगळा माशाच्या मांसातच राहतो. 100 ग्रॅम ताज्या माशात साधारण 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं असतात. नुसत्या रश्शाबरोबर भात कालवून खाल्ला तर पोट भरेल, पण अंगाला लागायचं ते ताकद देणारं अन्न दुसऱ्याच्या ताटात गेलेलं असेल.

आता माशाची एक गंमत ऐका. माशात लोह काही फार नसतं. मग रक्त कमी असलेल्या बाईला मासा खा म्हणून का सांगायचं? तर त्याचं कारण असं. आपल्याला लोह मिळतं ते मुख्यतः बाजरी, कडधान्यं आणि पालेभाज्या यांतून. पण झाडापाल्यातलं हे लोह अंगात सहजासहजी शिरत नाही. त्यातलं थोडंच शोषलं जातं, बाकीचं आलं तसं निघून जातं. मात्र त्याच जेवणात माशाचा एक तुकडा असला, की भाकरीतलं आणि भाजीतलं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं. मासा स्वतःचं थोडं लोह देतो आणि शेजारच्या भाकरीचंही लोह अंगात घ्यायला मदत करतो. म्हणून मासा एकटा खायचा नाही. भाकरी, पालेभाजी आणि मासा असं एकत्र खायचं.

माशाऐवजी लिंबूही हेच काम करतं. ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत, ज्या माळकरी आहेत, ज्या श्रावण पाळतात, त्यांनी हे लक्षात ठेवा. लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर यांत क जीवनसत्त्व असतं. तेही पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह अंगात घ्यायला मदत करतं. फक्त एक पथ्य आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं. लिंबू उकळत्या वरणात पिळलं तर आंबटपणा राहतो, पण गुण बराचसा जातो. म्हणून लिंबू ताटात, जेवायला बसल्यावर पिळायचं.

आणि याच्या उलट काम करतो तो आपला लाडका चहा. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेतला, की त्यातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो आणि अंगात जाऊ देत नाही. चहा सोडा असं मी म्हणत नाही. म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही! पण जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. सकाळी चहात बुडवून भाकरी खायची सवय पुष्कळ घरांत आहे. तिथे चहा आधी घ्या, भाकरी नंतर सावकाश भाजीबरोबर खा.

आता मासा घ्यायचा कुठला? आपल्याला वाटतं सुरमई, पापलेट, हलवा हे मोठ्या लोकांचे मासे, म्हणजे तेच चांगले असणार. बाजारातला भाव आणि माशातलं पोषण यांचा फारसा संबंध नाही. बांगडा आणि तारली हे स्वस्तातले मासे तेलकट असतात, आणि त्यांच्या तेलातच त्यांचा मोठा गुण आहे. हृदयाला आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागणारी चांगली चरबी या तेलात असते. उन्हाशिवाय फार थोड्या ठिकाणी सापडणारं ड जीवनसत्त्वही त्यात असतं. शिवाय माशात ब 12 हे जीवनसत्त्व असतं, जे झाडापाल्यात नसतंच. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो. मासे, अंडी किंवा दूध-दही यांतलं काही ना काही रोजच्या खाण्यात असावं, ते यासाठी.

देशावरच्या बायांना समुद्राचा मासा रोज कुठून मिळणार? पण धरणातले, तळ्यातले रोहू, कटला, मृगळ, मरळ मिळतात. उजनीच्या पाण्यातली चिलापी तर भिगवण-इंदापूर भागात घरोघरी शिजते. प्रथिनांच्या हिशेबात गोड्या पाण्याचा मासा समुद्राच्या माशापेक्षा कमी नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती बांगलादेशातली आहे, पण आपल्याला फार जवळची आहे. शकुंतला थिल्स्टेड नावाच्या एक पोषणशास्त्रज्ञ बाई आहेत. त्यांचा जन्म त्रिनिदादचा, पूर्वज मात्र हिंदुस्थानातून तिकडे गेलेले. त्यांनी बांगलादेशात अनेक वर्षं बारीक माशांचा अभ्यास केला. तिथे मोला नावाचा बोटाएवढा मासा असतो. गरिबांचा मासा म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. त्यांनी तपासून दाखवलं, की हा मासा डोक्यासकट, काट्यांसकट अख्खा खाल्ला तर डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व त्यात मोठ्या रोहू-कटल्याच्या मांसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. कारण ते साठलेलं असतं डोळ्यांत, डोक्यात आणि पोटाच्या भागात, जे आपण मोठ्या माशाचं काढून टाकतो. मग तिथल्या घरामागच्या तळ्यांत मोठ्या माशांच्या जोडीने मोलाही वाढवायला सुरुवात झाली. मोठा मासा विकायला, बारीक मासा घरच्या पोरांना आणि आईला. या कामासाठी त्यांना 2021 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आपल्याकडेही बारीक मासे आहेतच की. मांदेली, बारीक तारली, ओढ्यातले मळे मासे, आणि अर्थात जवळा. बारीक मासा काट्यासकट चावून खाल्ला की कॅल्शियम मिळतं, म्हणजे हाडांची माती-विटा. मोठ्या माशाचा काटा आपण ताटाच्या कडेला टाकतो, तेव्हा कॅल्शियम मांजराला जातं.

आणि सुकी मासळी! हिला आपण फार कमी लेखतो. पाहुणे आले की सुकटीचा डबा मागे सरकवतो. पण हिशेब बघा. ताज्या बोंबलात बरंचसं पाणीच असतं, म्हणून तर तो हातात धरवत नाही. तोच बोंबील वलांडीवर उन्हात वाळला की पाणी उडून जातं आणि 100 ग्रॅम सुक्या बोंबलात प्रथिनं साठ ग्रॅमच्या आसपास भरतात. सुक्या जवळ्यात प्रथिनं तर आहेतच, कॅल्शियमही वजनाच्या मानाने दुधाच्या कितीतरी पट आहे. एका वेळेला आपण काही 100 ग्रॅम जवळा खात नाही, हे खरं. पण दोन चमचे जवळ्याची चटणी रोजच्या भाकरीला मोठी जोड देते. दर वर्षी 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कोकणातल्या आज्या-पणज्यांनी सुक्या मासळीवर पोरं वाढवली, ती उगाच नाही.

पण सुक्या मासळीची दोन पथ्यं आहेत. पहिलं, मिठाचं. खारवलेल्या मासळीत, म्हणजे खारा बांगडा वगैरे, मीठ खूप असतं. ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी दोनदा बदला आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी खारी मासळी टाळलेली बरी. दुसरं पथ्य, स्वच्छतेचं. वाळूत पसरून वाळवलेला जवळा दाताखाली कचकचतो. घेताना वास घ्या, बुरशी बघा, दमट लागला तर घेऊ नका. घरी आणल्यावर निवडून, चाळून, कडक उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

ताजा मासा घेतानाही डोळे उघडे ठेवा. माशाचे डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, खोल गेलेले आणि धुरकट नकोत. कल्ले उचलून बघा, लाल हवेत. बोटाने दाबलं तर मांस परत वर आलं पाहिजे. आणि बांगडा, तारली, कुपा या माशांची एक खास गोष्ट लक्षात ठेवा. हे मासे उन्हात, बर्फावाचून काही तास राहिले की त्यांत एक विषारी द्रव्य तयार होतं. ते खाल्लं की तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, उलटी होते. आपण म्हणतो, "चांगला खरपूस तळू, म्हणजे बाधणार नाही." पण हे द्रव्य शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. म्हणून दुपारी उशिरा स्वस्तात मिळतो म्हणून पाटीतला तापलेला बांगडा आणू नका. मासा घ्यायचा तर बर्फातला घ्या आणि आणल्या आणल्या साफ करून शिजवा.

आता शिजवण्याकडे वळू. मासा म्हटला की आपल्याला तळलेली तुकडी आठवते. तळलेला मासा कुणाला आवडत नाही? पण तेलात बुडवून तळला की तेल पोटात जातं, तेलाचा खर्चही वाढतो, आणि उरलेलं काळं तेल आपण पुन्हा पुन्हा वापरतो, ते प्रकृतीला वाईट. तळायचाच असेल तर तव्यावर दोन चमचे तेल सोडा, तुकडीला हळद, तिखट, मीठ, आगळ लावून तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवा आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी भाजून काढा. खरपूसही होतो आणि तेलही बेताचं लागतं.

रोजच्यासाठी मात्र कालवणच चांगलं. तारलीचं किंवा बांगड्याचं साधं कालवण सांगते, पाच माणसांचं. हाताशी कागद असेल तर लिहून घ्या.

अर्धा किलो मासे खवलं आणि पोटातली घाण काढून दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. चिरून झाल्यावर पाण्यात भिजत ठेवू नका. मीठ आणि हळद चोळून ठेवा. एक वाटी ओलं खोबरं, सहा-सात सुक्या मिरच्या, एक चमचा धणे, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या आणि छोटा कांदा यांचं बारीक वाटण करा. पातेल्यात वाटण आणि दोन पेले पाणी घालून उकळी आणा. पाच-सहा आमसुलं टाका. तिरफळं असतील तर चार-पाच ठेचून, आतलं काळं बी काढून टाका. बांगड्याला तिरफळासारखी सोबत नाही! मग मासे सोडा, झाकण ठेवा, मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवा. डाव घालून ढवळू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा, म्हणजे मासा मोडत नाही. मासा फार वेळ शिजवला तर तो कोरडा आणि चिवट होतो. मीठ शेवटी घाला. यात फोडणी नाही, तेल नाही, खोबऱ्याचीच काय ती चरबी. देशावर ओलं खोबरं नसेल तर कांदा आणि सुकं खोबरं भाजून त्याचं वाटण करा, आमसुलाऐवजी चिंचेचा कोळ घाला. चिलापी, रोहू दोन्ही असे छान होतात.

मीठ शेवटी घालायचं, याला आणखी एक कारण आहे. पुडीतल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं. गलगंड होऊ नये, पोटातल्या बाळाची वाढ नीट व्हावी, म्हणून ते लागतं. फार वेळ उकळलं की ते थोडं उडून जातं. मिठाची बरणी चुलीजवळ, उघडी ठेवली तरीही कमी होतं. बरणी झाकून, थंड जागी ठेवा. समुद्राच्या माशात आयोडीन मुळातच असतं.

आता बारीक तारलीसाठी एक युक्ती. कुकरच्या भांड्यात तारली, भरपूर आमसुलं किंवा चिंच, लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि अगदी थोडं पाणी घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. आंबटाने आणि वाफेने बारीक काटे इतके मऊ होतात की चावून खाता येतात. काटा कचऱ्यात जात नाही, पोटात जातो. लहान पोरांना मात्र स्वतः हाताने चाचपूनच भरवा.

आणि तिसरी कृती, जवळ्याची चटणी. एक वाटी जवळा निवडून, पाण्यातून झटकन धुऊन, निथळून, कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजा. वेगळी अर्धी वाटी सुकं खोबरं, मूठभर शेंगदाणे, आठ-दहा लसूण पाकळ्या, तिखट भाजून घ्या. मूठभर शेवग्याचा पाला सावलीत वाळवून तोही किंचित भाजा. सगळं खलबत्त्यात कुटा. मीठ बेताचं. बाटलीत भरा. भाकरीवर घ्या, वर लिंबू पिळा. गर्भार बाईला, शाळेत जाणाऱ्या मुलीला द्यायला याहून सोपं काही नाही. बांगलादेशातही बारीक माशांची अशीच चटणी आणि भुकटी आयांसाठी तयार करण्यात आली.

शेवग्याच्या पाल्याचं नाव निघालं, तर रोजच्या खाण्यातल्या काही नवलाच्या गोष्टी सांगून टाकते.

गुळाने रक्त वाढतं असं आपण म्हणतो. बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं, असं आपल्या देशाच्या 2020 सालच्या शिफारशीत सांगितलं आहे. 10 ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमही लोह साधारणपणे नसतं. गूळ गोडीसाठी खा, रक्तासाठी त्याच्यावर विसंबू नका. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, हाही समजच. 100 ग्रॅम बिटात जेमतेम एक मिलिग्रॅम लोह असतं, तेवढंही नाही. लाल रंग आणि रक्त यांचा काही संबंध नाही.

नाचणी बघा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गाईच्या 100 ग्रॅम दुधात साधारण 120. नाचणी भिजवून, मोड आणून दळली तर त्यातले क्षार अंगात आणखी चांगले शोषले जातात. शेवग्याच्या शेंगा आपण निवडून विकायला नेतो आणि पाला शेळीला घालतो. त्या 100 ग्रॅम पाल्यात 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, अ जीवनसत्त्व असतं, लोह असतं.

पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं. आजारी माणसाला भेटायला जाताना महागडी संत्री नेतो आणि अंगणातला पेरू पोपटाला सोडतो. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 24-25 ग्रॅम प्रथिनं असतात, वजनाला वजन धरलं तर माशापेक्षा जास्त. तांब्याच्या रंगाचं गावठी अंडं आणि पांढरं अंडं यांत पोषण साधारण सारखंच असतं, रंग कोंबडीच्या जातीचा. भाताचं पाणी ओतून टाकता, तेव्हा त्यातून जीवनसत्त्वं वाहून जातात. बेताचं पाणी घाला, नाहीतर ती पेज मीठ घालून प्या. आणि आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. आजीची माळ्यावरची कढई खाली काढा. मात्र भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा.

आता थोडं बाईच्या अवघड दिवसांबद्दल. गर्भार बाईला मासे देऊ नयेत, उष्ण पडतात, असं पुष्कळ घरांत म्हणतात. ताजा, नीट शिजवलेला मासा गर्भार बाईला आणि बाळंतिणीला चालतो, नव्हे, आठवड्यातून दोन वेळा तरी मिळावा. फक्त मोरीसारखे मोठे, दुसऱ्या माशांना खाऊन वाढणारे मासे या काळात टाळावेत, कारण त्यांच्या अंगात पारा साठत जातो आणि तो पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देण्याची रीत काही घरांत आहे. तिच्या जागी तारली, मांदेली द्या. इथेही स्वस्त, बारीक मासाच सरस ठरतो.

मासे आणि दूध एकत्र खाल्लं तर अंगावर कोड उठतं, ही भीती तर सगळीकडे आहे. कोड हे कातडीला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने येतं. माशाने किंवा दुधाने ते येतं असं वैद्यकशास्त्राला आढळलेलं नाही. बंगालात तर दह्यात मासा शिजवतात. ज्यांना एकत्र खायचं नसेल त्यांनी खाऊ नये, पण एखाद्या मुलीच्या अंगावर कोड दिसलं म्हणून तिच्या खाण्याला आणि तिच्या आईला दोष देऊ नये, एवढं मात्र नक्की करा.

मासे, कोळंबी, जवळा खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, दम लागत असेल, तर त्या माणसाला ते आग्रहाने वाढू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्यांचं रक्त फार कमी आहे, त्यांचं काम नुसत्या खाण्याने भागणार नाही. आशाताईंकडून मिळणारी लोहाची गोळी घ्यायलाच हवी. ती चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी असेल तर दोन्ही एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर गोळी बंद करण्याआधी आशाताईंशी बोला. आणि वर्षातून एकदा तरी उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. 12 च्या खाली आकडा आला तर रक्त कमी आहे असं समजा, गर्भार बाईसाठी हा आकडा 11 आहे.

आता गटासाठी काम. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. एक, सगळ्या जणींचं रक्त तपासायचा दिवस आशाताईंना विचारून ठरवा. दोन, गटाच्या पैशातून सुक्या मासळीच्या दिवसांत घाऊक जवळा आणि बोंबील आणून वाटून घ्या. एकट्या-दुकटीला महाग पडतं, दहा जणींनी मिळून आणलं तर परवडतं. ज्या गावात बारमाही तळं किंवा शेततळं आहे, त्या गटांनी मत्स्यव्यवसाय विभागाच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात मत्स्यबीजाची चौकशी करावी.

तिसरी गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत अवघड. मासे शिजले की वाढायच्या आधीच तुकडे मोजा. घरात सहा माणसं असतील तर सहा वाटे करा, आणि त्या सहांत स्वतःला धरा. आपला वाटा झाकून बाजूला ठेवा. वयात आलेल्या मुलीचा वाटा तिच्या भावाइतकाच ठेवा, कारण तिच्या अंगातून दर महिन्याला रक्त जातं, त्याच्या नाही. सुरुवातीला घरात कुणी हसेल, कुणी बोलेलही. त्यांना सांगा, रेडिओवरच्या बाईंनी सांगितलंय. शिव्या मला पडू द्या! जमलं तर महिन्यातून एक दिवस सगळ्यांनी एकत्र बसून जेवा. एकत्र पान वाढलं की कुणाच्या ताटात काय आहे ते सगळ्यांनाच दिसतं, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

पुढच्या भागात आपण पावसाळ्यातल्या रानभाज्यांबद्दल बोलू. टाकळा, कुर्डू, भारंगी, तुमच्या भागात काय काय उगवतं त्याची यादी करून ठेवा. आज संध्याकाळी कालवण असेल तर एक तुकडा स्वतःसाठी काढून ठेवा, बरं का.